पॅटर्न लॉक बघणाऱ्याला कळत नाही, हा गैरसमज

फोनचा पिन बाजूचा माणूस पाहून लक्षात ठेवतो, पॅटर्न म्हणजे नुसत्या रेघोट्या, त्या कुणाला कळणार, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं नेमकं उलटं आहे. आकार नजरेत चटकन बसतो. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फोन उघडतानाचे व्हिडिओ लोकांना दाखवले. एकदाच पाहून सहा ठिपक्यांचा पॅटर्न सुमारे ६४ टक्के वेळा ओळखला गेला; सहा आकडी पिन जेमतेम ११ टक्के.

नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ पॅटर्न होतात, हे खरं. पण बरेच जण डाव्या वरच्या कोपऱ्यातूनच सुरुवात करतात आणि एखादं इंग्रजी अक्षर काढून मोकळे होतात. शिवाय स्क्रीन उजेडात तिरकी धरली की बोटाचा तेलकट माग दिसतो, तो वेगळाच.

पॅटर्नच हवा असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन रेघ दिसण्याचा पर्याय आजच बंद करा. त्याच प्रयोगात रेघ लपवल्यावर प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं. तरीही ते पिनच्या तिप्पट आहे, म्हणून माझा आग्रह सहा आकडी पिनचाच. गर्दीत तर शक्यतो बोटाच्या ठशानेच फोन उघडा.