सणासुदीचे गोदामकाम आणि ‘पार्ट-टाइम’ पाळ्या : पार्श्वभूमी

दसऱ्याच्या आसपास भिवंडीच्या गोदामपट्ट्यात माणसे भरण्यासाठी जे निरोप फिरतात, त्यांत ‘पार्ट-टाइम’ हा शब्द हमखास असतो. रात्री साडेदहाच्या सुमारास ठेकेदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारा निरोप साधारण असा असतो : ‘उद्या नाइट, पिकिंग-पॅकिंग, चाळीस मुले, आधार ओरिजिनल, बूट घालून येणे, आठला गेटवर.’ ही पाळी जेवणाच्या सुट्टीसह नऊ तासांची असते. त्याआधी नाक्यावर टेम्पोची वाट पाहणे, गेटवरची झडती, मोबाइल जमा करणे आणि स्कॅनर मिळेपर्यंत रांगेत उभे राहणे धरले, तर माणूस तेरा-चौदा तास घराबाहेर असतो. तरीही या कामाला पार्ट-टाइम म्हणतात, कारण ते तीन-चार आठवड्यांत संपते. तासांनी पूर्ण आणि दिवसांनी अर्धवट अशा या कामाचे वेळापत्रक कसे घडत गेले, ते पाहण्यासाठी ऑनलाइन खरेदीच्या बरेच मागे जावे लागते.

मुंबईला हे अनोळखी नाही. कापड गिरण्यांत पहाटे दरवाजाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांतून खाड्याच्या जागा भरल्या जात आणि कोणाला आत घ्यायचे ते जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, ठरवी. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी त्यावर कार्डाची पद्धत आणली. निवडक बदल्यांना महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड मिळे, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जायच्या. हजर राहणे रोजचे होते, काम मात्र रोज मिळेलच असे नव्हते. पुढे औद्योगिक विवाद कायद्याने ‘बदली’ या शब्दाची व्याख्या केली आणि वर्षभराची सलग सेवा पूर्ण केलेल्याला बदली मानता येणार नाही असे ठरवले. वर्षात २४० दिवस भरले की ती सेवा सलग धरली जाते. हा २४० चा आकडा आजही ठेकेदाराच्या मुनिमाला तोंडपाठ असतो.

गोदीत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली आलेल्या योजनेत कामगारांची नोंदणी झाली, पाळ्या आळीपाळीने वाटल्या जाऊ लागल्या आणि हजेरी लावूनही जहाज नसल्यामुळे परतावे लागले तर ठरावीक रक्कम मिळू लागली. वाट पाहण्यालाही मोल आहे, हे तत्त्व त्यामुळे मुंबईच्या कामगार व्यवहारात लेखी आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालीच्या कामासाठी नोंदणी, मंडळ आणि लेव्ही (मजुरीवर मालकाकडून घेतली जाणारी जादा रक्कम) यांची व्यवस्था केली. आजही अनेक गोदामांत गाडी खाली करणारी टोळी आणि आत फळ्यांमधून माल वेचणारी मुले एकाच छताखाली, पण दोन निरनिराळ्या व्यवस्थांत काम करतात. २०२३ मध्ये विधिमंडळात आलेल्या माथाडी दुरुस्ती विधेयकात यंत्राच्या साहाय्याने होणारे काम व्याख्येबाहेर ठेवण्याची तरतूद होती. तिला झालेल्या विरोधाचे कारण या दोन व्यवस्थांमधली सीमा हेच होते : फोर्कलिफ्ट आणि सरकते पट्टे असलेल्या गोदामात हाताचे काम कुठे संपते, हे ठरवणे सोपे नाही.

भिवंडीच्या गोदामांचा जन्म मुंबईची जकात टाळण्यासाठी जकातीच्या नाक्याबाहेर झाला हे सर्वश्रुत आहे. ती कथा येथे पुन्हा सांगत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे कारणही संपले. गोदामे कमी होतील असे तेव्हा काहींना वाटले होते, पण विखुरलेला साठा एकत्र येऊन ती अवाढव्य झाली आणि माणकोली, दापोडे, वळ, पडघा या पट्ट्यात एका छताखाली राबणाऱ्यांची संख्या वाढली.

वेळापत्रकाला खरे वळण मात्र त्याआधीच मिळाले होते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी देशातील एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीने एका दिवसाची महाविक्री जाहीर केली. मागणीपुढे यंत्रणा कोलमडली आणि संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. त्या फजितीतून साऱ्या व्यवसायाने दोन धडे घेतले. पहिला धडा विक्री एका दिवसावरून आठवडाभर आणि पुढे महिनाभर पसरवण्याचा, आणि दुसरा त्या काळासाठी माणसे आधीच भरून, शिकवून तयार ठेवण्याचा. तोवर मुंबईच्या घाऊक बाजारातली सणाची गर्दी पंचांगाप्रमाणे चालत असे. गणपती झाले की पितृपक्ष. त्या पंधरवड्यात नवी खरेदी नाही, म्हणून दुकानदार याच दिवसांत माल भरून घेत, आणि घटस्थापनेपासून विक्रीला तोंड फुटे. ऑनलाइन विक्रीने हा क्रम नेहमीच पाळला असे नाही. २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या विक्रीचा आरंभ ८ ऑक्टोबरला झाला, तेव्हा सर्वपित्री अमावास्येला सहा दिवस बाकी होते. २०२४ मध्येही विक्री पितृपक्षातच सुरू झाली. २०२५ मध्ये योग निराळा होता. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, त्याच दिवशी कराचे नवे कमी दर लागू झाले, आणि विक्री २३ तारखेला सुरू झाली. त्याआधीचे काही आठवडे दर उतरणार म्हणून ग्राहक थांबून होते, त्यामुळे गोदामात आवक होत होती पण जावक रोडावली होती.

आवक आणि जावक यांच्या पाळ्या वेगळ्या असतात. आवकीच्या काळात माणसे कमी आणि काम जड असते, जावकीत माणसे जास्त आणि काम वेगाचे. अधिक महिना आला की हे सारे गणित सरकते. २०२० मध्ये अधिक आश्विनामुळे पितृपक्ष आणि नवरात्र यांच्यात महिन्याचे अंतर पडले आणि लक्ष्मीपूजन थेट १४ नोव्हेंबरला आले. दुसरी अडचण माणसांची. गणपतीला कोकणातली मुले गावी जातात, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते म्हणून उत्तर प्रदेश-बिहारची मुले तिकिटे काढून मोकळी होतात, आणि परतीच्या मालाचे ढीग याच दिवसांत गोदामात येऊन पडू लागतात. सणाचे काम करणाऱ्यालाही सण असतो, ही गोष्ट पाळ्या लावणाऱ्याच्या तक्त्यात बहुधा ‘गैरहजेरी’ या रकान्यात नोंदली जाते.

आता ‘पार्ट-टाइम’ या शब्दाकडे वळतो, कारण गुंता तिथे आहे. मराठी वाचकाला ‘अर्धवेळ’ म्हटले की शाळेतला अर्धवेळ ग्रंथपाल आठवतो : दिवसाचे निम्मे तास, निम्मा पगार, पण काम वर्षभर. पाश्चात्त्य देशांतील पार्सल व्यवसायातही हा शब्द तासांचाच आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पार्सल कंपनीत माल वर्गीकरणाच्या तीन-चार तासांच्या पाळ्या अर्धवेळ कामगारांकडून करून घेतल्या जात, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये तेथील सुमारे १,८५,००० कामगारांनी केलेल्या पंधरा दिवसांच्या संपाचा प्रमुख मुद्दा या अर्धवेळ नोकऱ्या पूर्णवेळ कराव्यात हा होता. भिवंडीत पोहोचेपर्यंत शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. येथे तास पूर्ण असतात आणि आठवडे मोजके असतात.

या प्रकाराला मराठीत चांगला शब्द आहे, तो म्हणजे ‘हंगामी’. तो का वापरला जात नाही, याचा विचार करताना साखर कारखाना आठवतो. तेथील हंगामी कामगाराला गाळप बंद असतानाही रिटेन्शन भत्ता मिळतो आणि पुढच्या हंगामात परत बोलावले जाण्याचा त्याचा हक्क मानला जातो. गोदामातल्या मुलाला ‘हंगामी’ म्हटले की ही तुलना कोणीतरी करणारच. ‘पार्ट-टाइम’ म्हटले की कॉलेज करून चार पैसे मिळवणारा तरुण डोळ्यांसमोर येतो, आणि त्याच्या बाबतीत पुढच्या वर्षीचा प्रश्न कोणाला पडत नाही. हा शब्द कोणी कट करून निवडला असे म्हणायचे नाही, पण तो टिकला यामागे ही सोय आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा निघतो. महाराष्ट्राच्या अनेक किमान वेतन अधिसूचनांत अर्धवेळ कामगाराच्या तासाच्या दराचे सूत्र दिलेले असे : दिवसाच्या दराला तासांनी भागायचे आणि येणारा आकडा १५ टक्क्यांनी वाढवायचा. म्हणजे खरोखर चार तासांसाठी माणूस बोलावला, तर त्याचा तास पूर्णवेळ कामगाराच्या तासापेक्षा महाग पडावा, अशी ही रचना होती. शिवाय १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १५ नुसार, दिवसाच्या दरावर घेतलेल्या कामगाराला मालकाने काम न दिल्यामुळे लवकर परतावे लागले, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन देणे बंधनकारक होते. अपवाद मुख्यतः कामगाराने स्वतःहून काम टाळण्याचा. गेटवरची प्रत्यक्ष रीत याच्याशी जुळत नाही. ऑर्डरी कमी पडल्या की मध्यरात्री ‘आज हाफ डे’ असे सांगितले जाते, हजेरीपत्रकात अर्धा दिवस मांडला जातो, आणि पहाटेची पहिली गाडी मिळेपर्यंत मुले गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहतात. गोदीच्या योजनेने ज्या वाट पाहण्याचे पैसे ठरवले होते, तीच ही वाट आहे. फरक इतकाच की तिचा खर्च आता कामगाराच्या खिशातून जातो.

दुसरा वादाचा आकडा ६० आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातून केवळ अधूनमधून किंवा प्रासंगिक काम चालणाऱ्या आस्थापना वगळल्या होत्या. मात्र वर्षात १२० दिवसांपेक्षा जास्त, आणि हंगामी स्वरूपाचे असल्यास ६० दिवसांपेक्षा जास्त चालणारे काम अधूनमधूनचे मानता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. पट्ट्यातल्या बोलण्यात या तरतुदीचा अर्थ ‘साठ दिवसांच्या आत माणूस बदलला की झाले’ असा रूढ झाला आहे. कायद्याचे शब्द तसे नाहीत. मोजायचे असते ते त्या आस्थापनेतील कामाचे दिवस, एका माणसाचे नव्हेत. आणि वर्षभर चालणाऱ्या गोदामात केवळ प्रासंगिक काम चालते असे म्हणणे अवघडच आहे. माणसाचे दिवस मोजायचे ते २४० च्या हिशेबात. या दोन आकड्यांची सरमिसळ होऊन पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी कार्ड बंद करण्याची आणि तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर शेजारच्या गाळ्यात उभा करण्याची पद्धत काही ठिकाणी पडली. तासांच्या अर्थाने अर्धवेळ असलेला माणूसही ‘कामगार’ ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले आहे. पण पंचेचाळीस दिवसांच्या कामासाठी दावा लावण्याचा खटाटोप कोणी करत नाही, त्यामुळे हा प्रश्न निकालापर्यंत जातच नाही.

खऱ्या अर्थाने चार तासांच्या पाळ्या येथे का रुजल्या नाहीत, याचे उत्तर कायद्यापेक्षा भूगोलात अधिक आहे. मुंबईहून या पट्ट्याला थेट लोकल नाही. ठाणे किंवा कल्याण गाठायचे, तिथून एसटी किंवा शेअर रिक्षाने नाका, आणि नाक्यावरून ठेकेदाराचा टेम्पो. चार तासांच्या कामासाठी येण्याजाण्यात तितकेच तास आणि रोजच्या कमाईतला मोठा भाग घालवायला कोण तयार होईल? तासावरचे काम शहरातच शक्य होते आणि तिथेच ते आले. जून २०१९ मध्ये एका परदेशी कंपनीने मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूमध्ये स्वतःच्या दुचाकीवर पार्सल पोचवण्याची अर्धवेळ योजना ताशी १२० ते १४० रुपयांच्या दराने सुरू केली. पुढे झटपट किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांनी वस्त्यांमधल्या गाळ्यांत छोटी गोदामे थाटली, तेव्हा माल वेचण्याचे कामही चार-पाच तासांच्या तुकड्यांत मिळू लागले. अंधेरीत राहणाऱ्या मुलाला संध्याकाळची तुकडी चालत जाऊन करता येते. शहापूरहून पडघ्याला येणाऱ्याला असा पर्याय नाही.

पाळ्यांच्या लांबीवरचे नियंत्रण या काळात सैल होत गेले. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट वेतन, तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंत जादा काम आणि चोवीस तास आस्थापना उघडी ठेवण्याची मुभा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर, राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तास आणि तिमाहीतील जादा काम १४४ तास करण्यास मंजुरी दिली. जादा तास कामगारालाही हवे असतात, हा युक्तिवाद खोटा नाही. दिवाळीच्या महिन्यात ओटीवरच, म्हणजे जादा कामाच्या पैशांवरच, घरी पैसे जातात. फक्त ओटी ‘डबल’ने मिळते की ‘सिंगल’ने, हे पगाराच्या दिवसापर्यंत कळत नाही, आणि तोवर हंगाम संपलेला असतो.

२०२५ चे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले आणि बरोबर एका महिन्याने, २१ नोव्हेंबरला, केंद्राने जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता लागू केल्या. कमी तास काम मिळाल्यास पूर्ण दिवसाचे वेतन देण्याची जुनी तरतूद वेतन संहितेत कायम आहे. १२० आणि ६० दिवसांचे आकडेही व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत जसेच्या तसे उतरले आहेत. ठरावीक मुदतीच्या नोकरीला आता कायद्यात व्याख्या मिळाली आहे. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देय आहे, मात्र सहा आठवड्यांच्या कामाला यातला ग्रॅच्युइटीचा भाग कधीच लागू पडणार नाही. दिवसांनी अर्धवट असलेल्या कामाला स्वतंत्र नाव संहितांनीही दिलेले नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. या संहितांखालचा दिवाळीचा पहिला हंगाम तोच आहे.