कोपर वाकणं वेगळं, हात उताणा-पालथा होणं वेगळं

आखाजीला मावशीकडे चोपड्याला गेले होते. चुलीवर खापर तापलेलं, मावशीने पुरण भरलेला गोळा लाटून हातावर घेतला आणि या हातावरून त्या हातावर घेत मांडा पसरवायला लागली. दोन-तीन फेऱ्यांतच मांडा उजव्या हातावरून एका बाजूला ओघळला आणि फाटला. हिवाळ्यात अंगणात हात टेकून पडली तेव्हा तिचं उजवं मनगट मोडलं होतं. 6 आठवड्यांचं प्लास्टर निघूनही बरेच दिवस झाले होते, दुखत काही नव्हतं. तिने मला हात वाकवून दाखवला, सरळ करून दाखवला आणि म्हणाली, "कोपर ते बरं शे, मंग मांडा काब्र जमत नही?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी सतत ऐकते, कारण हात वाकणं आणि हात पलटणं ही दोन्ही कामं आपण कोपराच्याच नावावर टाकतो.

दंडात एक हाड, ह्यूमरस. कोपराच्या खाली दोन: करंगळीच्या बाजूला अल्ना, अंगठ्याच्या बाजूला रेडियस. अल्नाच्या वरच्या टोकाला पान्याच्या जबड्यासारखी खाच असते आणि ती ह्यूमरसच्या खालच्या गरगरीत टोकाला घट्ट धरून बसते. ही दाराची बिजागरी. एकाच रेषेत उघडते आणि मिटते, साधारण 140 ते 150 अंश. अल्ना या सांध्यात गोल फिरू शकत नाही.

मग हात पलटतो कसा? फिरतं ते रेडियस. त्याचं डोकं चकतीसारखं गोल असतं आणि अल्नाला चिकटलेल्या एका चिवट पट्ट्याच्या कड्यात बसवलेलं असतं. घरोट्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, इथे उलट, खुंटाच कड्यात फिरतो. हात उताणा असताना दोन्ही हाडं शेजारी-शेजारी उभी असतात. पालथा केला की रेडियस अल्नाला ओलांडून तिरकं आडवं पडतं. अंगठा वर धरलेल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना साधारण 80-80 अंश.

हे वाचून सोडू नका, हात लावून बघा. उजवं कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकवा. डाव्या हाताने कोपराचं मागचं टोक धरा आणि उजवा हात उताणा-पालथा करा. टोक जागचं हलत नाही. ते अल्नाचं आहे. आता कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या जरा खाली, मनगटाच्या दिशेला, अंगठा दाबा आणि हात पुन्हा पलटा. अंगठ्याखाली काहीतरी गोल गोल फिरताना लागेल. तेच रेडियसचं डोकं. कोपर कुशीला टेकवायचं ते मुद्दाम. हात लांब करून पलटलात तर खांदाही सोबत फिरतो आणि हात पूर्ण पलटला असं फसवं वाटतं. मावशीचीही तशीच फसगत झाली होती.

आणखी एक गोष्ट कोपरापाशी दिसतच नाही. रेडियस वरच्या टोकाला फिरायचं तर खाली मनगटापाशीही त्याला अल्नाभोवती सरकावं लागतं. म्हणजे पलटण्याला दोन सांधे लागतात, एक कोपरात, दुसरा मनगटाशी, आणि एक जाम झाला की दुसरा धड असून उपयोग नाही. मावशीचं रेडियस मनगटाजवळ मोडलं होतं. बिजागरी ठणठणीत राहिली, उताणेपणा गेला. याच्या उलटही होतं: ज्याचं कोपर वाकायचं थांबलंय तो किल्ली सहज फिरवतो, पण भाकरीचा घास तोंडापर्यंत नेता येत नाही.

गोंधळाला थोडा हातभार बायसेप्सचाही आहे. दंडाचा हा स्नायू अल्नावर नाही, रेडियसवर जाऊन रुजतो. म्हणून तो कोपर वाकवतोही आणि हात उताणाही करतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना डावा हात दंडावर ठेवा, बेटकुळी टणक होताना जाणवेल. त्याच्याखालचा ब्रेकिआलिस मात्र अल्नाला धरलेला, त्याला वाकवण्यापलीकडे काम नाही. पालथ्या हाताने भरलेली बादली उचलणं जड जातं ते बायसेप्सला तिथे नीट जोर लावता येत नाही म्हणून.

मावशीला मी लाटणं दिलं. कोपर कुशीला, लाटणं उभं मुठीत, आणि ते हळूहळू बाहेरच्या बाजूला कलू द्यायचं, ओढ जाणवेल तिथे क्षणभर थांबायचं. कोपर वाकवण्याचा व्यायाम ती महिनाभर इमानाने करत होती. तो तिला नकोच होता.

लहान मुलांत हीच गल्लत जास्त महागात पडते. साधारण 1 ते 4 वर्षांचं मूल बाजाराच्या गर्दीत मनगटाला धरून एकदम ओढलं किंवा दोन्ही हातांनी झुलवलं, की ते रडतं आणि तो हात जरासा वाकवून, पालथा, अंगाशी धरून बसतं. घरचे म्हणतात कोपर निखळलं आणि ओढून बसवायला बघतात. बिजागरी तिच्या जागी असते. त्या वयात सैल असलेलं कडं रेडियसच्या डोक्यावरून घसरलेलं असतं. ओढून ते आणखी दुखतं. मूल पडलं असेल किंवा सूज असेल तर आधी एक्स-रे. नाहीतर डॉक्टर हात पलटवून कडं जागेवर आणतात, बोटांना बारीक टक् जाणवते, आणि थोड्या वेळाने मूल त्याच हाताने बिस्किट घेतं.