वॉटर कूलिंगची धुलाई व निगा (खानदेश)

संगणकाच्या प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाण्यावाटे बाहेर नेणाऱ्या नळीमार्गातले जुने द्रव काढणे, मार्ग आतून धुणे आणि नवे द्रव भरणे, असे हे काम. पंप, टाकी, रेडिएटर, वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतल्या खाचांतून पाणी खेळणारा ठोकळा) व नळ्या हे या मार्गाचे, म्हणजे लूपचे, भाग. कारखान्यातून सीलबंद येणारे एआयओ (ऑल-इन-वन) कूलर सहसा उघडायचे नसतात. त्यांचे पंखे आणि रेडिएटरची जाळी साफ केली की झाले.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर पाणी त्याहून काही अंश वरच राहणार. अनेक पंपांसाठी द्रवाची मर्यादा ६० अंश असते आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्यापुढे मऊ पडू लागतात. त्यामुळे इतर गावांत खपून जाणारी हयगय इथे खपत नाही. धुलाई होळीच्या आधी उरकलेली बरी.

खानदेशात पहिला शत्रू बाहेरून येतो. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू रेडिएटरच्या पात्यांत घट्ट बसतात. कूलंटचा, म्हणजे लूपमधल्या द्रवाचा, रंग हौसेने बदलणारे पुष्कळ, पण ही जाळी साफ करणारे थोडे. आणि तापमान वाढते ते बहुधा जाळीमुळेच. ब्लोअरची हवा आतून बाहेर मारावी, म्हणजे घुसलेला कचरा आल्या वाटेने निघतो. तेव्हा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, मोकळे गरगर फिरू देऊ नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. घरातल्या कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर चढणारा पांढरा थर पाहिला की ते वॉटर ब्लॉकमधल्या बारीक खाचांचे काय करील हे कळते. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. त्यामुळे धुवायला आणि भरायलाही डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी धुण्यापुरते चालते, बाटली सीलबंद हवी. मात्र नुसते शुद्ध पाणी भरून ठेवले तर शेवाळ धरते व धातू गंजतो. त्यात जंतुरोधक आणि गंजरोधक घालावे लागतात. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये; दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

संगणक बंद करून, वीजजोड काढून, सर्वांत खालच्या जोडातून द्रव काढतात. मग डिस्टिल्ड पाणी भरून पंप फिरवतात आणि निघणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा बदलतात. नवा रेडिएटर असेल तर तो जोडण्याआधीच गरम डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवावा. डाग देताना (सोल्डरिंग करताना) वापरलेल्या फ्लक्स या रसायनाचा अंश आत राहिलेला असतो. ब्लॉक उघडून खाचा जुन्या मऊ टूथब्रशने घासाव्यात. तिथे दिसणारा पांढरट चिकट गाळ नेहमीच शेवाळ नसतो: मऊ पीव्हीसी नळ्यांतून पाझरणारे प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारे रसायन) ही तसेच साचते, आणि मग नळ्याच बदलाव्या लागतात. काळ्या ईपीडीएम रबरी नळ्यांना हा त्रास नाही. ॲक्रिलिकच्या टाकीला स्पिरिट लावू नये, बारीक तडे जातात.

पुन्हा भरल्यावर मदरबोर्ड व कार्डांचे वीजजोड सोडून फक्त पंप चालवतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास, जमल्यास रात्रभर, गळती पाहतात. हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून संगणकाची केस (पेटी) हळूच तिरकी करतात. एरवी वर्षातून एकदा ही धुलाई पुरते. द्रव गढूळ झाले तर वाट पाहू नये.

काढलेले कूलंट अंगणात किंवा गुरांच्या हाळाजवळ ओतू नये. काही कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर, म्हणून जनावरे चाटतात, आणि ते विषारी आहे.