थर्मल पेस्ट: भोंग्याच्या अॅम्प्लिफायरपासून प्रोसेसरपर्यंत

थर्मल पेस्ट म्हणजे तापणारा भाग आणि त्याला निववणारा धातू यांच्या मध्ये लावायचा लेप. विदर्भातल्या खेड्यांत ती संगणकाच्या आधी पोचली. लग्नाचा मांडव, गणपती, भागवत सप्ताह, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे भोंगे लागत आणि भोंग्यांमागे अॅम्प्लिफायर. त्यातले पॉवर ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ १९६०च्या दशकात आलेला टू-एन-३०५५, अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, बसवलेले असत. या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर, विजेच्या तीन टोकांपैकी एक. ते थेट धातूला टेकलं की शॉर्ट होण्याची भीती, म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट लावायची. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडची पूड घोटून केलेली ही पेस्ट रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर असायचीच. तालुक्याच्या गावात पुढे संगणक दुरुस्तीला बसलेल्या कित्येकांचा हात आधी याच कामावर बसलेला होता.

पेस्ट का लागते, याचं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. घासून चकचकीत केलेला धातूही बारकाईने पाहिला तर खडबडीतच असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तरी ते मोजक्याच ठिकाणी टेकतात, बाकी जागेत हवा अडकते. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, तांब्याची ४००च्या आसपास. पेस्ट या दोघांच्या मध्ये येते: साधी पांढरी पेस्ट एकच्या आसपास, चांगली त्याच्या काही पट. म्हणजे हवेपेक्षा ती कितीतरी सरस, पण तांब्यापुढे काहीच नाही. तिचं काम फक्त फटी भरायचं. जाड थर दिला तर ती उष्णतेची वाट मोकळी करण्याऐवजी अडवते. अॅम्प्लिफायरला थोडा जाड हात चालून जायचा, प्रोसेसरला तो चालत नाही.

सुरुवातीच्या प्रोसेसरांना यातलं काहीच लागत नसे. १९७८चा ८०८६ उघडाच बोर्डावर बसे. १९९२मध्ये ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स-२ आला त्या सुमारास हीटसिंक आणि छोटा पंखा नित्याचा होऊ लागला. १९९३चा पहिला पेंटियम पाच व्होल्टवर चाले आणि १५ वॅटच्या आसपास उष्णता टाके. २००४च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ मध्ये हा आकडा १००च्या पुढे गेला. अवघ्या अकरा वर्षांत!

मधला काळ मेकॅनिकसाठी फार जोखमीचा होता. २०००च्या सुमाराचे एएमडी अॅथलॉन आणि कॉपरमाइन पेंटियम ३ यांची सिलिकॉनची चिप वरून उघडी असे. कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा, क्लिप दाबताना तिरका बसला की चिपचा कोपरा उडायचा. त्या अॅथलॉनला तापलं म्हणून स्वतःचा वेग कमी करणं ठाऊक नव्हतं. कूलर नीट टेकला नाही तर काही सेकंदांत प्रोसेसर जळून जाई. पेंटियम ४ने वेग आपोआप उतरवायची सोय आणली आणि वर धातूचं झाकणही आलं. झाकण आल्यावर उष्णतेला दोन सांधे ओलांडावे लागू लागले: चिप ते झाकण आणि झाकण ते कूलर. आतला सांधा कंपनीच्या हाती. इंटेलने २०११च्या सँडी ब्रिजमध्ये तो सोल्डरने जोडला होता, २०१२च्या आयव्ही ब्रिजमध्ये तिथे पेस्ट घातली, आणि जाणकारांची नाराजी ओढवून घेतली. बाहेरचा सांधा मात्र पूर्णपणे बसवणाऱ्याच्या हातात असतो. म्हणूनच तो काळजीने करावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे संगणक गावोगाव पसरला तो २००१नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे, आणि पुढे ग्रामपंचायतींतल्या, दाखले देणाऱ्या संग्राम केंद्रांमुळे. नागपूरच्या सीताबर्डीतून जोडून आणलेली मशीन टिनाच्या छताखाली चालू लागली. इथे हिशेब बदलतो. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि दर वॅटमागे अर्धा अंश तापणारा कूलर धरला, तर प्रोसेसर खोलीपेक्षा सुमारे ३२ अंशांनी गरम राहतो. २५ अंशांच्या खोलीत तो ५७वर थांबेल. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात खोली ४३वर असेल, तर तोच प्रोसेसर ७५वर. पेस्ट वाळून आणखी दहा-बारा अंश चढले की हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरांची ९५ ते १०० अंशांची मर्यादा हाकेच्या अंतरावर येते. मग मशीन स्लो होतं आणि दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं ताटकळतात.

पेस्ट वाळते तीही इथल्या कारणांनी लवकर. तापणं आणि निवणं वारंवार झालं की झाकण व कूलर कमीजास्त प्रसरण पावतात, पेस्ट कडेला ढकलली जाते, तेल सुटतं आणि मागे खडूसारखी पूड उरते. लोडशेडिंगच्या काळात हे चक्र दिवसातून कितीदा तरी व्हायचं. हिंगणघाट, वणी, अकोट अशा जिनिंगच्या गावांत दिवाळीनंतर हवेतला कापसाचा तंतू कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. तो तसाच ठेवून नुसती पेस्ट बदलली तर पैसे वाया.

नवा प्रोसेसर बसवताना जुना कूलर सरळ वर ओढू नये. एएमडीच्या एएम-४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत, पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून प्लग काढावा, मग कूलर अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा. झाकणाच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवावी. बोटाने पसरायची गरज नाही, कूलरचा दाब ते करतो. स्क्रू एका कोपऱ्यानंतर समोरचा, असे थोडे थोडे आवळावेत. नव्या कूलरला खालून प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर तो आधी काढावा. कंपनीने कूलरला लावून दिलेली करडी पेस्ट एकदाच कामाची असते. कूलर उचलला की ती पुसून नवी लावायची.