कुंपणावरचं विष दिवाणखान्यात कसं आलं

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी पुण्यात मंडईच्या आसपास पत्री विकायला बसलेल्या बायकांपुढे तीन पानं हटकून दिसतात: धोतऱ्याचं, रुईचं आणि कण्हेरीचं. गणपतीला वाहायच्या २१ पत्रींतली ही तीन, आणि तिन्ही विषारी. आयुर्वेदाने ज्या सात वनस्पती उपविषं, म्हणजे दुय्यम विषं, म्हणून गणल्या, त्यांतही या तिन्ही आहेत. सोबत निवडुंग, कळलावी, गुंज आणि अफू.

सोसायटीत कोणी कुत्रा पाळला किंवा कोणाचं मूल रांगायला लागलं की 'विषारी झाडं काढून टाका' असा निरोप फिरतो. काळजी रास्त आहे. पण ही झाडं आपल्या अंगणात आली कशी, हे पाहिल्याशिवाय कोणतं काढायचं आणि कोणतं ठेवायचं, ते ठरत नाही.

जुन्या घरात विषाला जागा नेमलेली होती. कण्हेर कुंपणाला किंवा देवळाजवळ, कारण गुरंशेळ्या तिला तोंड लावत नाहीत. फूल देवाला, पान, मूळ, साल यांना पोरांनी हात लावायचा नाही, हे घरातली म्हातारी माणसं बजावून सांगत. वैद्य मूळ वापरत, तेही गाईच्या दुधात उकळून शुद्ध केल्यावर. कण्हेरीचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि पान वाळलं तरी ते ओसरत नाही. गुंज तर सोनाराच्या तराजूत होती: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिचं कवच इतकं टणक की अख्खी गिळलेली बी बरेचदा तशीच बाहेर पडते. मात्र चावली किंवा फोडली तर आतलं अॅब्रिन जीव घेऊ शकतं. ही समज पिढ्यांच्या वापरातून आली होती.

मग अमेरिकेतली झाडं आली. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिचं शास्त्रीय नाव थेव्हे या १६व्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूवरून पडलं. तिचं फळ हिरवं, चौकोनीसर, दोन बोटांत धरता येईल एवढं. पिकून काळं पडलं की आत मधोमध चीर असलेली टणक आठळी निघते. सर्वांत जास्त विष त्या आठळीतल्या बियांत असतं आणि नेमक्या त्याच बिट्ट्या पोरं खेळायला गोळा करत. तरी बिट्टी कण्हेरीसारखी वाटली, म्हणून लोकांनी तिला कण्हेरीचीच वागणूक दिली: फूल महादेवाला, झाड कुंपणाला. तिच्याबद्दलची धास्ती टिकली ती यामुळेच, असं मला वाटतं.

इंग्रजी अमदानीत बाग ही हौसेची गोष्ट झाली. कॅम्पातले बंगले, एम्प्रेस गार्डन, १८७३ साली गणेशखिंडीत उभं राहिलेलं वनस्पती उद्यान अशा ठिकाणी झाडाकडे आधी शोभा म्हणून पाहिलं जाऊ लागलं. घाणेरीही अशीच शोभेसाठी देशात आली, १८०९च्या सुमारास कोलकात्याच्या उद्यानात. आज ती पुण्याच्या टेकड्यांवर माजली आहे आणि तिचा पाला खाल्लेल्या गुरांचं यकृत बिघडतं.

खरा फरक पडला तो वाडे जाऊन फ्लॅट आले तेव्हा. कुंपण उरलं नाही आणि झाड सोफ्याशेजारी आलं. डिफेनबेकिया हे कुंडीतलं शोभेचं झाड, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातल्या माळ्याचं नाव तिला दिलेलं आहे. कमी उजेडात तगते, म्हणून घरोघरी. तिच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की ओठ-जीभ पेटते, सुजते, कधी बोलताही येत नाही. अळूची खाज याच स्फटिकांची आणि दोन्ही झाडं एकाच कुळातली. अळूला चिंच लावायची, नीट शिजवायचं, हे आपल्याकडे न शिकवता येतं. डिफेनबेकियाबद्दल मात्र घरात सांगणारं कोणी नव्हतं, कारण तिचा पूजेशी, स्वयंपाकाशी, औषधाशी काही संबंधच आला नाही. अॅडेनियम या कुंडीतल्या फुलझाडाचंही तेच. पुण्याच्या गच्चीवरच्या उन्हात थोड्या पाण्यावर ते भरभरून फुलतं, म्हणून लोकांनी हौसेने कलमं जमवली. आफ्रिकेत त्याच्या चिकात बाणांची टोकं बुडवत, हे छाटणी करणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? छाटताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

म्हणून सरसकट उपटून टाकण्याच्या मी विरोधात आहे. कण्हेर काढायची आणि डिफेनबेकिया कोपऱ्यात ठेवायची, असंच बहुतेक ठिकाणी होतं. रांगतं मूल कुंपणापेक्षा त्या कोपऱ्यात आधी पोहोचतं. उरुळी कांचनच्या पट्ट्यातून शहरात येणाऱ्या रोपांबरोबर ऊन किती, पाणी किती हे नर्सरीवाले आवर्जून सांगतात. कोणता भाग विषारी आणि तो पोटात गेल्यास काय होतं, हेही त्यांनी कुंडीवरच्या चिठ्ठीत मराठीत लिहावं, आणि गिऱ्हाइकांनी ते मागून घ्यावं.