सुती बनियन, घोंगडी आणि उत्तरेची क्रूझ

एप्रिल संपत आला होता, छत्रपती संभाजीनगरात दुपारचा पारा ४० अंशांच्या वर गेला होता आणि शेजारच्या काकांच्या घरी कूलरसमोरच्या पलंगावर एक मोठी बॅग उघडी पडली होती. जुलै महिन्यात मुलगा आई-वडिलांना नॉर्वेच्या क्रूझवर नेणार होता, आणि मी विज्ञान शिकवतो एवढ्या भांडवलावर बॅगेची तपासणी माझ्याकडे आली होती. बॅगेत अर्धा डझन सुती बनियन, तीन सुती सदरे, काकूंच्या सुती साड्या, एक जाडजूड स्वेटर आणि छत्री एवढा ऐवज होता. "तिकडं पण उन्हाळाच आहे की, एक स्वेटर बास झालं," असे काकांचे म्हणणे होते.

आकडे पाहिले तर काकांचे चुकत नव्हते. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराचे जुलैचे सरासरी तापमान सुमारे १२ अंश असते, तर परभणीत काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि ती थंडी आपण शाल पांघरून, शेकोटीजवळ बसून काढतोच. परंतु परभणीची थंडी कोरडी असते, बहुतेक वेळा वारा पडलेला असतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन अंगावर येते. ट्रॉम्सोत मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही हे खरे, पण ऐन जूनमध्येही तो तिथे भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो. परभणीत डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो. म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचे ऊन आपल्या हिवाळ्यातल्या उन्हापेक्षाही तिरपे पडते, आणि ते ढगाआड गेले की उबेचा सगळा भार कपड्यांवर येतो.

त्यात जहाज स्वतःच वारा निर्माण करते. क्रूझचे जहाज २० नॉट वेगाने जात असेल, तर समुद्रावर झाडाचे पान हलणार नाही इतकी शांत हवा असली तरी डेकवर उभ्या माणसाला ताशी ३७ किलोमीटरचा वारा समोरून लागतो. डिसेंबरच्या पहाटे मोटारसायकलवरून परभणीहून जिंतूरला गेलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या त्वचेला चिकटून उबदार हवेचा एक पातळ थर असतो, आणि वारा तो सतत ओरबाडून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे नळकांडे वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले, आणि तेव्हापासून या परिणामाला आकडा मिळाला. २००१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात ८ अंश तापमान आणि ताशी ३७ किलोमीटरचा वारा घातला, तर उघड्या चेहऱ्याला जाणवणारा गारवा साडेतीन अंशांच्या हवेइतका भरतो. काकांचा स्वेटर जाड असला तरी सैल विणीचा होता. तो डोळ्यांसमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती, आणि जिथून खिडकी दिसते तिथून वारा येणारच.

तरीही माझी खरी तक्रार बनियनांबद्दल होती. कापूस पिकवणाऱ्या मुलखात सुती कापडाविरुद्ध बोलणे जिवावर येते, परंतु जो गुण इथे आपल्याला वाचवतो तोच तिथे घात करतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते आणि कूलरमधली भिजलेली गवताची जाळी ज्या कारणाने खोली थंड करते, त्याच कारणाने घामेजलेला सुती सदरा मे महिन्यात सुखाचा वाटतो, कारण पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. अंगावरचे एक लिटर पाणी सुकायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. डेकवरच्या भुरभुर पावसात किंवा डोंगर चढताना आलेल्या घामात एका सदऱ्याने पाव लिटर पाणी धरले, तर ते सुकवायला लागणाऱ्या उष्णतेत दोन लिटर पाणी चुलीवर उकळून निघाले असते. त्यातली काही उष्णता हवेतून येते, पण मोठा वाटा अंगातूनच जातो. शिवाय भिजलेल्या सुताचे धागे लुळे पडून त्वचेला चिकटतात, त्यांच्यामधल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी तर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. थोडक्यात, माणसाचा माठ होतो.

हे काकांना पटावे म्हणून मी एक सुती आणि एक लोकरी पायमोजा भिजवून, पिळून त्यांच्या दोन्ही हातांवर चढवला आणि त्यांना कूलरसमोर उभे केले. थोड्याच वेळात त्यांनी सुती मोजा काढून टाकला. लोकरीचा धागा मुळातच कुरळा असतो, त्यामुळे भिजल्यावरही तो पुरता चपटा होत नाही आणि हवेचे कप्पे बऱ्याच अंशी टिकून राहतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी वाफ धाग्याच्या आत सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती वाफ शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. पॉलिएस्टर याच्या अगदी उलट, म्हणजे जवळजवळ काहीच न शोषता, चटकन सुकते. आपल्याकडचे मेंढपाळ भर पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन रानात उभे राहतात, ते याच गुणावर. दख्खनी मेंढीच्या लोकरीतला नैसर्गिक चिकट मेणासारखा अंश पाणी निथळायला मदतही करतो. घोंगडी बॅगेत मावत नाही आणि अंगाला टोचते, एवढाच तिचा दोष.

आता लहरी हवेबद्दल. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पावसावर भागवतो. नॉर्वेचे बर्गन मात्र डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला आहे. अटलांटिकवरची दमट हवा तिथे चढते आणि वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पाडते. अलास्काच्या क्रूझवर तर हा फरक एकाच सहलीत भेटतो. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस होतो, आणि तिथून उत्तरेला, डोंगरांच्या आडोशाला असलेल्या स्कॅगवेला जवळपास मराठवाड्याइतकाच. उंचीचा हिशोब निराळा. नॉर्वेतल्या गैरांगरच्या बंदरातून बसने दाल्सनिबा या डोंगरावर सुमारे १,५०० मीटर उंचीवर गेले, की किलोमीटरमागे साडेसहा अंश या सर्वसाधारण दराने तापमान नऊ-दहा अंशांनी उतरते. हिमनदीच्या तोंडाशी जहाज थांबते तेव्हा बर्फावर गार होऊन जड झालेली हवा उतारावरून खाली घसरत येते, मग वर ऊन असले तरी.

अशा ठिकाणी एका जाड स्वेटरचा उपयोग नाही. तो एक तर अंगावर असतो किंवा हातात. तीन पातळ थर मात्र एकेक करून चढवता-उतरवता येतात आणि दोन थरांमध्ये अडकलेली स्थिर हवाच खरी ऊब धरते, म्हणून वरचा थर खालच्याला आवळणारा नको. बनियन निम्मे कमी करून मऊ मेरिनो लोकरीचे आतले कपडे घेतले, जे काकूंना साडीखालीही घालता येतील. त्यावर फ्लीसचे, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचे जॅकेट, आणि सर्वांत वर टोपी असलेला, वारा व पाणी अडवणारा सैल कोट. अशा चांगल्या कोटाच्या अस्तरात एक पापुद्रा असतो, ज्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात, त्यामुळे पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निसटते. छत्री काढून ठेवली. डेकवरच्या वाऱ्यात ती उलटी होण्यापलीकडे काही करत नाही.

कानटोपीवरून थोडा वाद झाला. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे काकांनी ऐकले होते. ते खरे नाही. डोक्याचे क्षेत्रफळ शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. पण बाकी सगळे अंग झाकलेले असताना उघडे राहते ते डोकेच, तेव्हा कानटोपी बॅगेत राहिली, हातमोजेही आले.

शेवटी कोट आणि फ्लीस मी मोठ्या बॅगेतून काढून काकूंच्या खांद्यावरच्या पिशवीत घातले. बंदरावर जमा केलेल्या बॅगा केबिनच्या दाराशी पोचायला कित्येक तास लागतात, आणि जहाज किनारा सोडताना पाहायला सगळे डेकवर जातात.