भूक लागली की शुगर लो झाली?

इन्सुलिन सुरू झालं की काही महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते: शुगर आटोक्यात आली, पण वजन वाढत चाललंय. यातलं काही वजन वाढणारच. रक्तातली साखर साधारण १८० च्या (मिग्रॅ/डेसिलिटर, पुढचे आकडेही याच मापात) वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते, म्हणजे खाल्लेल्यातलं काही अंगी लागतच नाही. इन्सुलिनने साखर खाली आणली की ही गळती थांबते. ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहावर झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात (१९९८) इन्सुलिन घेणाऱ्यांचं वजन, मुख्यतः पथ्यपाण्यावर ठेवलेल्या गटापेक्षा सरासरी ४ किलोंनी जास्त वाढलं होतं. म्हणून घाबरून इन्सुलिन चुकवू नका. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तेव्हा, तर ते जिवावर बेतू शकतं.

पण वजनाचं एक कारण बऱ्याच अंशी टाळता येतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: साधी भूक आणि शुगर लो झाल्यावरची भूक यांतली गल्लत. खावंसं दोन्हींत वाटतं. पण साधी भूक जेवणाने भागते, आणि लो वरचेवर होत असेल तर इन्सुलिनचा डोस बघावा लागतो.

साधी भूक हळूहळू चढते. पोटात खड्डा पडतो, भाजीच्या फोडणीचा वास आला की ती वाढते, आणि मध्येच एखादं काम निघालं तर अर्धा तास विसरायलाही होते. लो ची भूक अचानक अंगावर येते. हात थरथरतात, मानेला आणि कपाळाला गार घाम फुटतो, छातीत धडधडतं, ओठांना मुंग्या येतात. पोळी-भाजीची वाट बघवत नाही, हाताला लागेल ते गोड तोंडात टाकावंसं वाटतं. साखर घसरताना शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्याचा हा बराचसा परिणाम. ७० च्या खाली आकडा म्हणजे लो. ५४ च्या खाली मेंदूलाच साखर कमी पडायला लागते: बोलणं अडखळतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, माणूस विनाकारण चिडतो. ही चिडचिड बहुतेक वेळा घरच्यांच्याच आधी लक्षात येते.

लक्षणं मात्र फसवतात. ज्यांची शुगर कित्येक महिने २५०-३०० असते, त्यांना इन्सुलिनने ती १२० वर आली तरी अगदी तसाच थरकाप जाणवू शकतो. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. हा त्रास खरा असतो, पण तो लो नसतो, आणि त्यावर साखर खाल्ली तर केलेली मेहनत वाया जाते. काही आठवड्यांत शरीर सरावतं. उलट वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्यांना, किंवा ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांना, खऱ्या लो मध्येही थरथर किंवा धडधड जाणवेलच असं नाही. कधी नुसता घामच येतो. म्हणून भरवसा ग्लुकोमीटरवर ठेवायचा, आणि त्याआधी बोट धुवायचं. आंबा कापून तशाच हाताने टेस्ट केली तर बोटावरची साखर मोजली जाते आणि लो लपून जातो. मीटर जवळ नसेल तर मात्र लो समजूनच चालायचं. गाडी चालवत असाल तर आधी ती बाजूला घ्या.

माझ्या काकूंचं उदाहरण सांगते. सकाळी आठला ३०/७० चं प्रीमिक्स इन्सुलिन, नंतर नाश्ता. या मिश्र इन्सुलिनमधला ३० टक्के भाग जलद आणि ७० टक्के भाग सावकाश काम करणारा, त्याचा जोर नाश्ता जिरून गेल्यावर दुपारकडे येतो. काकूंचं जेवण दीडला. त्यामुळे साडेअकराच्या सुमाराला त्या थरथरायच्या आणि “भूक सहन होत नाही गं” म्हणत डब्यातला बेसनाचा लाडू, त्यावर केळं, त्यावर चहा-बिस्किटं. मग दुपारी शुगर २६० च्या घरात. तो आकडा बघून डोस वाढला, वाढलेल्या डोसाने लो आणखी लवकर यायला लागला, लाडू एकाचे दोन झाले. अकराची शुगर कुणी तपासलीच नव्हती. ती तपासली तेव्हा ५८ निघाली. डॉक्टरांनी सकाळची युनिट्स कमी केली, जेवण साडेबाराला आणलं, आणि लाडूची गरजच उरली नाही.

खरा लो असेल तर १५ ग्रॅम साखर पुरते: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. हे साठेक कॅलरीचं काम आहे. अवघड असतात ती मधली १५ मिनिटं, कारण भूक लगेच थांबत नाही आणि हात डब्याकडे जातच राहतो. माझ्या मते बरंचसं वजन याच १५ मिनिटांत वाढतं. लाडू, पेढा, चॉकलेट इथे कामाचे नाहीत. तुपामुळे, स्निग्धांशामुळे त्यांतली साखर रक्तात उशिरा पोहोचते. मधुमेहावरची व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरातली साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडण्याचं कामच ही गोळी रोखते. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. आकडा सावरल्यावर पुढच्या जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा मूठभर चणे खावेत. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आकडा ७० च्या वर आला तर ती साखर पिण्याची वेळ नव्हे. ८०-९० असेल आणि इन्सुलिन नुकतंच घेतलं असेल, किंवा बरंच चालून आला असाल, तर १५ मिनिटांनी पुन्हा बघा, कारण शुगर उतरणीवर असू शकते. १३०-१४० असेल तर ती भूकच, किंवा वर सांगितलेला सवयीचा थरकाप. जेवायची वेळ झाली असेल तर जेवा. नसेल तर ताक, काकडी, थोडे शेंगदाणे.

रात्रीचा लो सर्वांत जास्त निसटतो. घामाने ओली झालेली उशी, भयंकर स्वप्नं, सकाळी उठल्यावर डोकं जड. त्याच्या धास्तीने पुष्कळजण झोपताना “असू दे पोटाला आधार” म्हणून दूध-बिस्किटं खातात आणि ती रोजची होऊन बसतात. एकदा पहाटे तीनला तपासून बघा. आकडा चांगला असेल तर त्या बिस्किटांचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारता येतं. कमी असेल तर संध्याकाळचा डोस बघायला हवा. एकादशीच्या उपवासाचंही आधीच विचारून ठेवावं, कारण नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहिलं की लो, आणि नंतर साबुदाण्याच्या खिचडीने शुगर भलतीच वर.

डॉक्टरांकडे जाताना नुसती फास्टिंग आणि जेवणानंतरची शुगर नेऊ नका. वहीत लो ची वेळ, त्या वेळचा आकडा, आधी काय खाल्लं होतं, युनिट्स किती घेतली आणि लो झाल्यावर काय खाल्लं, हे पाचही लिहा. आठवड्यात दोनदा त्याच सुमाराला लो आला असेल तर स्पष्ट विचारा: “या वेळेला माझी शुगर लो होते, कुठला डोस कमी करायचा?”